गाणं ऐकायला आलेल्यांचंही तिकीट असतं

'विकेड' या हॉलिवूडच्या संगीतपटाच्या प्रदर्शनाआधीच्या खास खेळांना खरे चाहते येतात, त्यांना मनसोक्त गाऊ द्यावं, हे एका लेखातलं मत मला अजिबात पटलं नाही. मी न्यू जर्सीत राहते. २२ नोव्हेंबर २०२४ ला चित्रपट लागला, त्याच्या चार दिवस आधीच्या खेळाला लेकीला घेऊन गेले होते. चित्रपटातल्या पात्रांसारखे हिरवे चेहरे रंगवून आलेल्या मुली, गुलाबी फ्रॉक, टाळ्या, शिट्ट्या, सगळं हवंहवंसं वाटलं. पण शेवटच्या 'डिफाइंग ग्रॅव्हिटी' या गाण्याला मागच्या रांगेतल्या दोघी पूर्ण आवाजात सुरू झाल्या. नायिका सिंथिया एरिव्हो सेटवर प्रत्यक्ष गायली आहे, तिचा श्वास कुठे तुटतो, कुठे भरतो तेच तर ऐकायचं होतं! लेकीने मूळ नाटक पाहिलेलं नाही, तिच्यासाठी हे गाणं पहिल्यांदाच. ती बिचारी सारखी वळून मागे बघत राहिली.

आपल्या संगीत नाटकांतही वन्समोअर मिळायचे, पण ते पद संपल्यावर. नटाची तान चालू असताना कोणी आपली तान मिसळत नसे.

आणि दोष फक्त त्या मुलींचा नाही. एएमसी या अमेरिकेतल्या थिएटर साखळीने आपल्या थिएटरांत 'गाऊ नका' अशी सूचना पडद्यावर दाखवली. आम्ही गेलो तिथे काहीच नव्हतं. सोबत गाण्याचे वेगळे खेळ २५ डिसेंबरला सुरू झाले. ते पहिल्याच आठवड्यात का नाही ठेवले? तिकीट काढतानाच कळू द्या, गाण्याचा खेळ आहे की ऐकण्याचा.