मालदीव ट्रीपच्या एक स्टार रिव्ह्यूवर आमच्या ट्रॅव्हल ऑफिसकडून उत्तर

नमस्कार दादा. रिव्ह्यू वाचला. वहिनींनी तिकडून पाठवलेले फोटो बघून वाटलं होतं सगळे खूश आहेत, त्यामुळे एक स्टार बघून जरा झटकाच बसला. तुम्ही सगळ्यांसमोर लिहिलंय तर मी पण इथेच लिहिते, कारण ते वाचून जळगाव-भुसावळहून लोकांचे फोन यायला लागलेत, की ताई, पाण्यावरच्या व्हिलाचे पैसे घेऊन तुम्ही खरंच पहिल्या रात्री साध्या हॉटेलात झोपवता का?

हो, झोपवतो. माले एअरपोर्टवर संध्याकाळी उतरलात तर दुसरा इलाज नसतो. तुमचा रिसॉर्ट बा अटोलमधे (अटोल म्हणजे प्रवाळ बेटांचं कडं), म्हणजे मालेहून सीप्लेननं अर्धा तास, आणि सीप्लेन फक्त दिवसाउजेडीच उडतं, पायलट डोळ्यांनी पाणी बघून उतरवतो, अंधार पडला की बंद, मग तुम्ही कितीही मोठं पॅकेज घ्या. म्हणून मोठं विमान दुपारी साधारण साडेतीनच्या आत उतरलं तरच त्या दिवशी पुढचं जमतं. आम्ही मुंबईहून सकाळची डायरेक्ट फ्लाइट कोट केली होती. तुम्ही म्हणालात तिकिटं आमची आम्ही काढतो, कोलंबोमार्गे स्वस्त पडतंय. पडलं असेल, पण ते विमान उतरतं संध्याकाळी! तेव्हाच मी लिहून पाठवलं की मग पहिली रात्र एअरपोर्टजवळच्या हुलहुमालेला करावी लागेल, व्हिला दुसऱ्या दिवसापासून, आणि त्यावर तुमचा अंगठा आलेला आहे. बा अटोलमधल्याच धारवंधू बेटापर्यंत डोमेस्टिक विमान आणि पुढे स्पीडबोट, असा रात्री पोचायचा रस्ता पण सांगितला होता, पण वहिनींना अंधारात बोट नको होती, आणि पावसाळी समुद्रात मी पण तसा आग्रह केला नसता. व्हिलाच्या तीन रात्रींचे पैसे घेतले, तीन रात्री दिल्या. हुलहुमालेची रात्र हुलहुमालेच्याच भावात लावलीय, बिल काढून बघा.

बॅगांचे जादा डॉलर आम्ही नाही घेतले हो, सीप्लेनवाल्यांनी घेतले. २० किलो मोठी बॅग आणि ५ किलो हातातली, त्यावर किलोनं चार्ज. आता चौघांच्या फराळाचे डबे न्यायचे तर वजन होणारच (तुमचा चिवडा रिसॉर्टच्या स्टाफला फार आवडला म्हणे).

आता पावसाचं. "ऑगस्टमधे पाठवून फसवलं" हे वाक्य मला लागलं, खरं सांगते. मे ते ऑक्टोबर तिकडे नैऋत्य मोसमी वारे, पाऊस असतो, समुद्र खवळतो, म्हणूनच भाव उतरलेले असतात, हे ऑफिसात कॅलेंडर समोर ठेवून बोललो होतो. पण तुम्हाला ऑगस्टच हवा होता ना, तो मान्टा रे बघायला, म्हणजे ते पंखांसारखे पसरलेले मोठे मासे! बा अटोलमधल्या हनिफारूच्या खाडीत ते जानेवारीत नाही येत दादा. याच दिवसांत वारा आणि भरतीचा प्रवाह मिळून प्लँक्टन (पाण्यातले बारीक जीव) त्या छोट्या खाडीत गोळा होतं आणि ते खायला मान्टा येतात, कधी कधी ढिगानं. निळंशार आकाश पाहिजे तर डिसेंबर ते एप्रिल, मान्टा पाहिजे तर पाऊस अंगावर घ्यायचा, दोन्ही एकाच तिकिटात देणारा एजंट भेटला तर मला पण त्याचा नंबर द्या. आणि "४५ मिनिटांत पाण्यातून बाहेर काढलं" हा नियम पण आमचा नाही, तिथल्या रेंजरचा आहे. बा अटोल २०११ पासून युनेस्कोचं बायोस्फिअर रिझर्व्ह, म्हणजे जपलेलं निसर्गक्षेत्र आहे, हनिफारूत स्कूबाला बंदी, फक्त स्नॉर्केल आणि तेही वेळ मोजून. तसं नसतं तर एवढ्या बोटी गोळा झाल्या असत्या की मान्टा केव्हाच पळाले असते. तुमच्या रिव्ह्यूत मान्टाबद्दल एक शब्द नाहीये, आणि वहिनींच्या व्हिडिओत तुम्हीच ओरडताय "अरे हा बघ केवढा!"

एअरपोर्टवर ठेवून घेतलेल्या बाटलीचं थोडक्यात. मालदीवमधे बाहेरून दारू नेता येत नाही, कस्टमवाले ठेवून घेतात आणि जाताना परत देतात. रिसॉर्टवर मिळते, पण तुम्ही राहिलात त्या माफुशीसारख्या गावाच्या बेटावर कायद्यानंच बंद आहे, तिथे समुद्रात उभ्या असलेल्या बोटीवर जावं लागतं. हे सगळं पाठवलेल्या पीडीएफच्या पहिल्या पानावर आहे. आणि माफुशीला "चपाती पण नाही" म्हणता, तर नाश्त्याला जी रोशी होती ती चपातीच झाली की, फक्त सोबतच्या मास हुनीत ट्यूना असतो म्हणून तुमच्यासाठी नुसत्या खोबरं-कांद्याची करायला सांगितली होती. शेवभाजी तिकडे नाही मिळायची, ते कबूल.

"छुपा ५ टक्के" म्हणजे टीसीएस, विकतानाच आगाऊ कापून घ्यायचा इन्कम टॅक्स. परदेशी पॅकेजवर सरकार घ्यायला लावतं, तुमच्या ट्रीपच्या वेळी, २०२५-२६ मधे, १० लाखांच्या आत ५ टक्के होता, तो तुमच्याच पॅनवर जमा झालाय, २६ एएस या टॅक्सच्या उताऱ्यात दिसेल, सीएला सांगा रिटर्नमधे वळतं करतील. ग्रीन टॅक्स पण तिथल्या सरकारचा, रिसॉर्टवर माणशी रोज १२ डॉलर, माफुशीच्या छोट्या गेस्टहाऊसला ६.

राहिली सँडबँकची, म्हणजे समुद्रातल्या वाळूच्या पट्ट्यावरची ट्रीप, जी लाटांमुळे बोटवाल्यानं कॅन्सल केली. ते पैसे त्याच्याकडून आलेत, चौघांचे. तुमच्याकडून अकाउंट नंबर मागितलाय, मेसेज निळा झालाय पण उत्तर नाही. नंबर टाका, त्याच दिवशी ट्रान्सफर करते. स्टार वाढवायचे की नाही ते तुमचं तुम्ही बघा.