सरावात 42 पळाला नाही, म्हणून घाटाची मॅरेथॉन सोडायची?

"सरावात एकदा तरी पूर्ण 42 पळाला नसाल, चढावर चालावं लागत असेल, मनात शंका असेल, तर घाटाच्या मॅरेथॉनला उभे राहू नका. चढ जमला की उतार फुकट. राहिलेला सराव शेवटच्या आठवड्यात भरून काढा." बेळगाव-खानापूरकडच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. खाली सही 'एक अनुभवी धावपटू'. चांगली तयारी झालेली पोरंसुद्धा आता विचारतात, "अण्णा, नाव काढून घेऊ काय?"

आधी त्या 42 चं बघू. मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची, पण बहुतेक आराखड्यांत सरावाचं सगळ्यात लांब पळणं 30-32 किलोमीटरवर थांबतं. पुढचे दहा सरावात ओढले तर पदरात थोडंच पडतं आणि अंग सावरेपर्यंत पुढचा सराव बुडतो. त्यात घाटासाठी किलोमीटर मोजणंच फसवं. बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोजवळच्या सपाटीवर जेवढ्या वेळात 30 होतात, तेवढ्यात जांबोटीच्या चढउताराच्या रस्त्यावर 25 झाले तरी पुष्कळ. तास मोजा.

चढावर चालणं म्हणजे हार, हे कुणी ठरवलं? दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही शर्यत साधारण 90 किलोमीटरची, डोंगराळ. तिथं मोठमोठ्या चढांवर हजारो लोक ठरवून चालतात आणि वेळेत पोचतात. चढावर घड्याळातला वेग बघू नये, दम बघावा. शेजाऱ्याशी एक अख्खं वाक्य बोलता येत नसेल तर पाय आवरा.

'उतार फुकट' हे मात्र या मेसेजमधलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य. उतारावर दम लागत नाही, म्हणून फुकट वाटतं. प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार थोपवत असतो. त्यानं स्नायूंचे तंतू दुखावतात. दुखणं खरं वर येतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पण ताकद मात्र तिथल्या तिथं कमी होते. बॉस्टन मॅरेथॉन घ्या. सुरुवातीचा बराच रस्ता उतरता. मग 32 किलोमीटरच्या पुढं 'हार्टब्रेक हिल' येते. तिची उंची किती, तर जेमतेम 27 मीटर! बेळगावजवळच्या आपल्या राजहंसगडापुढं ती टेकाडच. तरी तिथं भलेभले मोडतात, कारण मांड्या आधीच उतारानं खाल्लेल्या असतात.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या दाराशी आहे. येळ्ळूरहून राजहंसगडावर चढताना दमानं जा, हवं तर चाला. खरा सराव उतरताना करा. पावलं आखूड आणि भराभर, गुडघा किंचित वाकलेला, अंग मागं टाकायचं नाही. बुटाची नाडी घोट्याजवळ घट्ट हवी, नाहीतर अंगठा पुढं आपटून नख काळं पडतं. पहिल्यांदा उतरलात की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागेल. थोड्या दिवसांनी तोच उतार पुन्हा केलात की दुखणं बरंच कमी असेल. स्नायूंना आलेली ही सवय काही आठवडे टिकते. म्हणून शेवटचा जोरदार उतार शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी उरकायचा. त्यानंतर गडाकडं फिरकू नका, दर्शनाला गेलात तर गाडीनं जा.

आता 'शेवटच्या आठवड्यात भरून काढा'. आज घाम गाळला तर त्याचं फळ दहा-पंधरा दिवसांनी, थकवा मात्र उद्याच. शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर 40 ते 60 टक्क्यांनी उतरवायचं, वेग तसाच ठेवायचा. बुडालेला सराव बुडाला, त्याच्या मागं लागू नका.

राहिली शंका. पळणं कमी केलं की डोकं रिकामं होतं आणि कधी न दुखलेला गुडघा आठवायला लागतो. ही शंका तयारी झालेल्यालाही येते. नाव काढून घ्यायची कारणं वेगळी आहेत: पळता पळता वाढत जाणारं दुखणं, लंगडायला लावणारा पाय, अंगात ताप, किंवा महिना-महिना बुडालेला सराव. यातलं काही असेल तर 21 किलोमीटरला नाव बदलून मिळतं का ते आयोजकांना विचारा. नसेल, तर बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घेऊन या.