येथे बोलिंग अ‍ॅक्शन सुधारून मिळेल

शिट्टी, गोल टोपी आणि सहा प्लॅस्टिकचे कोन एवढं भांडवल जमलं असेल, तर अभिनंदन, तुम्ही फास्ट बोलिंग कोच झालात. आता फक्त एक पोरगा हवा. चौदा-पंधरा वर्षांचा, काटकुळा, आणि आजवर कुणीच काही न शिकवलेला. असा पोरगा नेटमध्ये आला, की त्याच्या पहिल्याच चेंडूला तोंडाने 'च्च' करा. त्या चेंडूने मधला स्टंप उखडला असला तरी काही बिघडत नाही. स्टंपकडे बघायचंच नसतं. पायाकडे बघायचं आणि म्हणायचं, "बेसिकच चुकलंय."

बापाचा चेहरा पडला, की फी सांगा. आईशी मात्र बोलू नका. आया विचारतात, "मग विकेटी कशा मिळतात हो त्याला?"

त्यानंतर मोबाइलवर स्लो-मोशन व्हिडिओ काढा. स्लो-मोशनमध्ये कोणाचीही अ‍ॅक्शन वाईटच दिसते. हीच क्लिप पुढे 'आधी' म्हणून वापरायची आहे, जपून ठेवा.

माझ्या भाच्याची क्लिप अशीच काढली गेली. हा पोरगा बोलिंग शिकला तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन रांगांतल्या स्कूटरच्या मधून, टेनिस बॉलच्या अर्ध्या भागाला इलेक्ट्रिकची काळी टेप लावून. जागा एवढीशी, म्हणून रनअप अकरा पावलांचा. शेवटच्या पावलाआधी एक छोटीशी उडी, मग हात कमरेमागून गोल फिरून यायचा आणि मान डावीकडे कलायची. दिसायला बेंगरूळ, खरं आहे. पण चेंडू शेवटच्या क्षणी आत यायचा. मी बॅट घेऊन उभा राहिलोय त्याच्यासमोर, नडगीला विचारा.

सरांनी आधी मान सरळ केली. मग पाय साइड-ऑन, म्हणजे आडवे, केले. महिन्याभराने दुसरे सर आले, ते चेस्ट-ऑनवाले, छाती बॅट्समनकडे हवी म्हणणारे. त्यांनी खांदे समोर वळवले, पण पायांना हात लावला नाही, कारण ते आधीच्या सरांचं खातं होतं. आता कंबर एका सरांची आणि खांदे दुसऱ्या सरांचे. याला मिक्स्ड अ‍ॅक्शन म्हणतात. कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे, दर चेंडूला मधला कणा पिळला जातो. वाढत्या वयाच्या बोलरला पाठीत, अगदी खालच्या मणक्यांत, स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या ताणाने हाडाला बारीक तडा, होतं त्यातलं हे एक ठरलेलं कारण. म्हणजे जो दोष पोरात नव्हता, तो आम्ही दरमहा फी भरून बसवून घेतला.

पालकांनी शंका काढली, तर जगावेगळ्या अ‍ॅक्शनच्या बुमराहचं नाव निघेल. तुम्ही लगेच सांगा की त्याच्या पाठीवर 2023 मध्ये शस्त्रक्रिया झाली. 20 पेक्षा कमी सरासरीने त्याने 200 कसोटी बळी घेतले, ते सांगायची गरज नाही.

हात आडवा फिरवून टाकणारा मलिंगा तुमच्या शिबिरात आला नाही, हे श्रीलंकेचं नशीब.

इंग्लंडचा फास्ट बोलर अँडरसन, त्याचा विषय तर टाळाच. चेंडू सोडताना त्याची मान खाली जायची, नजर जमिनीवर. एवढी मान खाली घालून हा पोरगा टिकायचा नाही म्हणून इंग्लंडच्या जाणत्यांनी त्याची अ‍ॅक्शन बदलली. स्विंग गेला, वेग गेला, आणि ज्या दुखापतीच्या भीतीने हे सगळं केलं ती 2006 मध्ये झालीच, पाठीला स्ट्रेस फ्रॅक्चर. मग गडी गुपचूप जुन्या अ‍ॅक्शनवर परतला आणि 704 कसोटी बळी घेऊन 2024 साली कसोटीतून निवृत्त झाला. मान खालीच.

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत बेसबॉलमधला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जेक अरिएटा याची तिरकं पाऊल टाकायची सवय बाल्टिमोरच्या संघाने मोडायला घेतली. 2013 मध्ये तिथे त्याच्या नावावर नऊ डावांमागे 7.23 धावा लागल्या होत्या. शिकागोच्या संघाला देऊन टाकला, त्यांनी म्हटलं, टाक बाबा तुझं तिरकं पाऊल. 2015 मध्ये तोच आकडा 1.77 आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार. पण त्याच देशात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तेरा-चौदा वर्षांच्या पिचरने दिवसाला 95 पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत आणि 66 किंवा जास्त टाकले तर पुढे चार दिवस हात लावू नये, असं तिथे छापून ठेवलंय.

आता शेवटची टीप: चेंडू कधीही मोजू नका. सोमवार ते शुक्रवार नेट्स. शनिवारी अंडर-16 चा सामना. रविवारी शाळेची स्पर्धा, तीही सकाळ-संध्याकाळ, कारण दुसऱ्या पोराला ताप आलाय. मधल्या एका संध्याकाळी सीनियर बॅट्समनना सराव हवा म्हणून यानेच तासभर टाकायचं, कारण हाच एक फास्ट टाकतो. पोरगा "सर, पाठ दुखतेय" म्हणाला, तर "कोअर वीक आहे तुझा, प्लँक मार." काय प्लँक मार? सहा कोन मांडता येतात, दिवसाचे चेंडू वहीत लिहिता येत नाहीत? कोपर 15 अंशांच्या वर सरळ होत असेल तर जरूर सुधारा, तो नियम आहे. खरोखर मिक्स्ड अ‍ॅक्शन असेल तर वर्षभर वेळ घ्या, फिजिओला विचारा, तोवर सामने बंद ठेवा. पण फक्त पुस्तकातल्या फोटोसारखी दिसत नाही म्हणून दुसऱ्याच्या पोराच्या पाठीशी खेळायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? तुम्ही पुढच्या सीझनला दुसऱ्या मैदानावर जाल. तो इथेच आहे, पलंगावर, पंधराव्या वर्षी कमरेला पट्टा बांधून, आणि मला विचारतोय, "मामा, मी आधी कसा टाकायचो रे?"

त्याला आठवत नाही, सर. हात फिरवून बघतो आणि मध्येच थांबतो. मी दाखवायला गेलो तर हसला, म्हणाला असा नाही, वेगळा होता. फिजिओंनाही बघायचाय. तुमच्या रीलमधली ती 'आधी'वाली क्लिप तेवढी पाठवा, रडका बासरीचा आवाज काढून टाकून.