रात्री साडेदहाला आलेली नोटीस

गेल्या नोव्हेंबरात रात्री साडेदहाला ओट्यावर बॅटरीचा उजेड पडला. दोन पोलीस. दुसऱ्या दिवशी मंत्री येणार होते आणि आम्ही अकरा जण कापसाच्या भावासाठी निवेदन देणार होतो. रास्ता रोको नाही, काळे झेंडे नाहीत, निवेदन. कागद हातात दिला, सही घेतली, गेले. "पोलिस कसाले उनात रे भाऊ?" आईने पहाटेपर्यंत चार वेळा विचारलं.

त्या कागदाला आमच्याकडे अजून '१४९ ची नोटीस' म्हणतात, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १६८ झालंय. मजकूर तोच: तुमच्यामुळे कायदा-सुव्यवस्था बिघडण्याची शक्यता आहे, काही घडलं तर तुम्ही जबाबदार, आणि ही नोटीसच तुमच्याविरुद्ध पुरावा धरली जाईल. कुणी काय माहिती दिली, याचा एक शब्द नाही. गुन्हा दाखल नाही, म्हणून जामिनाचा प्रश्न नाही, सुनावणीही नाही. नुसती भीती घरात ठेवून जातात. ज्याचं पोरगं पोलीस भरतीसाठी पहाटे पळतंय, तो बाप घरी बसतो. अकरापैकी सहा जण दुसऱ्या दिवशी आले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही.

आमचं म्हणणं काय होतं? लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झालेला. त्याच हंगामाच्या तोंडावर, ऑगस्ट २०२५ मध्ये, कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. माल घरात यायच्या दिवसांतच बाहेरच्या गाठींना दार उघडं का, एवढंच विचारायचं होतं. शांततेने, शस्त्राविना जमण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ मध्ये आहे. लोकांचं रास्त म्हणणं दाबायला जमावबंदी वापरता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला काश्मीरच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय. तरी आपल्याकडे पाच माणसं एकत्र आली की आधी 'परवानगी आहे का' विचारतात.

आता एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहितो. मी शहादा तालुक्यातल्या बागायतदाराच्या घरातला. १९७२ ला इथे श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंतींच्या मागे भिल्ल सालदार, शेतमजूर जमिनीसाठी आणि मजुरीसाठी उभे राहिले. तेव्हा पोलीस त्यांच्या पाड्यांवर जायचे आणि आमच्या वाड्यांत चहा प्यायचे. त्या बायाबापड्यांनी जे सोसलं, त्यापुढे माझी एक रात्र काहीच नाही. तेव्हा आमच्या ओट्यांवरून कुणी 'हे चुकतंय' म्हटलं नाही. माणसाचे हक्क ही 'त्यांची' भानगड आहे असंच मी ऐकत मोठा झालो. नोटीस माझ्या दारात आली तेव्हा काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. सांगितलं ते पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याने. वनहक्काच्या दाव्यांसाठी वर्षानुवर्षं तहसील आणि प्रांत ऑफिसच्या पायऱ्या चढलेला माणूस तो. म्हणाला, "पाटील, तोंडी बोलू नका. कागदाला कागद द्या, अन् पोच घ्या."

तेच केलं. लेखी विचारलं: कोणत्या माहितीवरून, कोणत्या तारखेच्या, माझ्याकडून कोणता गुन्हा होणार होता? पोच देईनात, मग रजिस्टर पोस्टाने पाठवलं. घरी बसलेल्या सहापैकी चौघांनीही नंतर आपापलं उत्तर पाठवलं. त्यातला एक म्हणाला, सही करताना हात थरथरत होता, पण त्या रात्री झोप लागली. मला या सगळ्यात हे वाक्य सगळ्यात मोठं वाटतं.

जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, बेकायदेशीर कारवाया करणाऱ्या संघटनांवर बंदी घालण्यासाठीचं. त्यावर १२ हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या होत्या. विधेयकातल्या व्याख्या इतक्या सैल आहेत की उद्या निवेदन देणाऱ्या संघटनेवरही बोट ठेवता येईल, ही माझी खरी काळजी आहे.

वर्षभरात अशा किती नोटिसा काढल्या, हे मी माहिती अधिकारात विचारलं. ३० दिवस उलटले, उत्तर नाही. पहिलं अपील टाकलंय. शहादा, तळोदा, शिरपूर, चोपडा, कुठेही तुम्हाला असा कागद आला असेल तर फाडू नका. किती वाजता आला ते पाठीमागे लिहून ठेवा आणि मला कळवा. पुढचा अर्ज मिळून करू.