ब्लॉक मोजून बचाव कळत नाही: वेंबान्यामा-गोबेर वादातले चुकलेले हिशेब

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगबद्दल सध्या फिरणारा दावा थोडक्यात असा: व्हिक्टर वेंबान्यामा रुडी गोबेरच्या जवळपास दुप्पट ब्लॉक करतो (म्हणजे समोरच्याचा शॉट हातानेच अडवतो), तरी २०२४ चा सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार गोबेरला मिळाला, म्हणजे तो वेंबान्यामाकडून हिसकावून घेतला. गोबेर नुसता उंच आहे, रिंगखाली उभा राहतो, प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेरीत) उघडा पडतो. आता दोघांत स्पर्धाच नाही. आणि त्याचा संघ स्पर्स हरत होता यात वेंबान्यामाचा दोष नाही, तेव्हा संघाचे आकडे मध्ये आणूच नका.

शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाकी ठिकाणी आकडा बरोबर आणि निष्कर्ष चूक असा प्रकार झालाय.

ब्लॉकपासूनच सुरू करू. २०२३-२४ मध्ये वेंबान्यामाने ७१ सामन्यांत २५४ ब्लॉक केले, म्हणजे सामन्याला ३.६. गोबेरचे २.१. मिनिटं धरली तर फरक आणखी वाढतो: वेंबान्यामा सामन्याला ३० मिनिटांहून किंचित कमी खेळला, गोबेर ३४. दर ३६ मिनिटांमागे एकाचे सव्वाचारच्या पुढे, दुसऱ्याचे सव्वादोनच्या आसपास. तेव्हा ‘दुप्पट’ हा शब्द मान्य. पण समोरचा संघ एका सामन्यात जवळपास नव्वद शॉट घेतो. त्यातल्या दीड शॉटच्या फरकावर सगळा दावा उभा आहे, आणि उरलेल्या शॉटच्या वेळी सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, काय करत होता याचा त्यात पत्ताच नाही.

गोबेरचं मुख्य काम पिक-अँड-रोलमध्ये दिसतं. स्क्रीन लागला, म्हणजे एका खेळाडूने बचावपटूची वाट अंगाने अडवली, की बॉल हाताळणारा गार्ड त्याच्या अंगावर येतो आणि स्क्रीन लावणारा रिंगकडे धावतो. ‘ड्रॉप’ बचावात गोबेर पुढे न जाता मागे सरकतो, पण दोघांच्या मधली रेघ सोडत नाही. एक हात बॉलसमोर, दुसरा लॉबच्या, म्हणजे डोक्यावरून रिंगकडे टाकलेल्या पासच्या, वाटेत. त्याचा सहकारी मागून पाठलाग करून गार्डला गाठेपर्यंत त्याला साधारण दोन सेकंद काढायचे असतात. इथे चुका दोन प्रकारच्या. लवकर उडी मारली, तर बॉल डोक्यावरून जातो आणि डंक होतो. फार मागे गेलात, तर गार्ड फ्री थ्रोच्या रेषेजवळून निवांत फ्लोटर (उंच, हलका शॉट) टाकतो. समोरच्याने ड्रिबल थांबवून बॉल हातात घेईपर्यंत गोबेर जमीन सोडत नाही, आणि उडी मारलीच तर हात सरळ वर ठेवून, शरीर पुढे न झुकवता. म्हणून धडक झाली तरी बहुतेक वेळा फाउल त्याच्यावर लागत नाही. याचा परिणाम काय? गार्ड आत येतो, वर बघतो आणि बॉल परत बाहेर देतो. स्कोअरशीटवर याची नोंद कुठेच होत नाही. क्रिकेटमध्ये निर्धाव षटकांकडे डोळेझाक करून फक्त बळी मोजले, तर जे होईल तेच इथे होतं.

शिवाय ब्लॉक झाला म्हणजे चाल संपली असं नाही. बॉल रेषेबाहेर गेला तर ताबा त्यांच्याकडेच राहतो. ब्लॉकसाठी घेतलेली उडी हुकली तर रिंगच्या दुसऱ्या बाजूला रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल) घ्यायला कुणी उरत नाही. चाल संपते ती रिबाउंडने. त्या मोसमात गोबेरचे सामन्याला १२.९ रिबाउंड होते. वेंबान्यामाचे १०.६, म्हणजे कमी मिनिटांत तोही मागे नव्हता. पण तेव्हा नोंदीप्रमाणे ९५ किलोचा तो, आणि गोबेर ११५ च्या वर. रिंगखाली पाठ लावून ढकलाढकली सुरू झाली की हा फरक लगेच दिसायचा.

आता ‘हिसकावलेला’ पुरस्कार. ९९ मतदारांपैकी ७२ जणांनी गोबेरला पहिली पसंती दिली, १९ जणांनी वेंबान्यामाला. गुण ४३३ विरुद्ध २४५. गोबेरच्या संघाचा, मिनेसोटाचा, बचाव त्या मोसमात लीगमध्ये पहिला होता आणि संघ ५६ सामने जिंकला. गोबेर ७६ सामने खेळला, एकूण मिनिटांत जवळजवळ ५०० ने पुढे. खुद्द वेंबान्यामाने निकालाआधी म्हटलं होतं की यंदा गोबेर जिंकला तर ते योग्यच ठरेल, मात्र यानंतर त्याची पाळी नाही. चाहत्यांनी निदान त्याचं तरी ऐकावं.

“संघाचे आकडे आणू नका” हे इतपत खरं की स्पर्स फक्त २२ सामने जिंकले आणि मोसमाचे पहिले काही आठवडे वेंबान्यामाला सेंटर झॅक कॉलिन्सच्या जोडीला पॉवर फॉरवर्ड म्हणून खेळवलं गेलं. रिंगपासून लांब नेमणूक, शिवाय चाल रचणाऱ्या पॉइंट गार्डच्या जागी जेरेमी सोहानचा प्रयोग. डिसेंबरात तो सेंटरवर आला आणि मगच त्याचा बचाव खरा दिसू लागला. तो मैदानावर असताना आणि नसताना स्पर्सचे गुण रोखण्यातला फरक मोठा होता. म्हणजे संघाचे आकडे आणायचेच, फक्त ‘मैदानावर’ आणि ‘बाकावर’ अशी फोड करून. पदार्पणातच ऑल-डिफेन्सिव्ह पहिल्या संघात (मोसमातल्या सर्वोत्तम पाच बचावपटूंत) आलेला तो पहिला रूकी, म्हणजे पहिल्याच मोसमातला खेळाडू, आहे. त्याच्यावर अन्याय झाला म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

“रिंगखाली उभा राहतो” याला उत्तर एका ओळीचं: एनबीएत ते जमतच नाही. कुणाला हाताच्या अंतरावर प्रत्यक्ष गार्ड करत नसाल तर पेंटमध्ये (रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात) ३ सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. थांबलात तर समोरच्याला एक फ्री थ्रो आणि ताबाही त्यांचाच. आपल्याकडचे सामने फीबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी होतात, त्यात बचावाला हे बंधन नाही, म्हणून हा गैरसमज सहज होतो.

प्लेऑफचा मुद्दा यांतला सगळ्यात वजनदार. २०२१ मध्ये क्लिपर्स संघाने लांबून नेम साधणारे पाचही खेळाडू उतरवले आणि सहाव्या सामन्यात, २५ गुणांनी मागे पडूनही, युटाला, म्हणजे गोबेरच्या तेव्हाच्या संघाला, बाहेर काढलं. गोबेरच्या वाट्याचा टेरेन्स मान कोपऱ्यात उभा राहून ३९ गुण करून गेला. पण क्रम बघा. आधी युटाचे गार्ड एकास एक मध्ये मार खातात, बॉल रिंगपाशी पोहोचतो, मग गोबेरला मदतीला जावं लागतं आणि पास कोपऱ्यात जातो. रिंगपासून कोपऱ्यातली थ्री-पॉइंट रेषा २२ फुटांवर. पासच्या वेगाने तिथे कुठलाच सेंटर पोहोचत नाही. गळती पहिल्या फळीत होती. गोबेरचा खरा दोष वेगळा आणि तो दावा करणाऱ्यांनी सांगितलेलाच नाही: समोर छोटे खेळाडू असताना पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ पाठ करून, बॉल घेऊन त्यांना शिक्षा करणं त्याला जमत नाही, त्यामुळे विरोधी संघाला छोटा संघ उतरवणं स्वस्त पडतं.

२०२४ च्या प्लेऑफमध्ये मिनेसोटाविरुद्ध डेन्व्हरचा सेंटर योकिच याने पाचव्या सामन्यात ४० गुण आणि १३ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) केले, ती क्लिप सगळ्यांनी पाहिली. मिनेसोटाने त्या मालिकेत योकिचवर आपल्या दुसऱ्या उंच खेळाडूला, टाउन्सला, लावून गोबेरला मागे मदतीसाठी मोकळं ठेवण्याचा डावही वापरला. मालिका ४-३ ने मिनेसोटाची झाली. पण उलट बाजूही सांगायला हवी: मुलाच्या जन्मामुळे गोबेर दुसऱ्या सामन्यात नव्हता, आणि तो मिनेसोटाने डेन्व्हरमध्येच १०६-८० असा जिंकला.

वेंबान्यामाच्या बाजूने बोलायचंच असेल तर पॅरिस ऑलिंपिक घ्या. फ्रान्सच्या संघात एकाच प्रशिक्षकाच्या हाताशी दोघं होते. बाद फेरीत या प्रशिक्षकाने, व्हिन्सेंट कोलेने, गोबेरची मिनिटं खूप कमी केली, फॉरवर्ड याबुसेलेची वाढवली आणि मध्यभागी वेंबान्यामाला ठेवलं. कॅनडाला ८२-७३, जर्मनीला ७३-६९ हरवून फ्रान्स अंतिम फेरीत गेला. दोघं एकत्र असले की आक्रमणात पेंट गर्दीने भरायचा, हे त्यातलं एक कारण. दुसरं बचावातलं: टोकापासून टोकापर्यंत ८ फूट पसरणाऱ्या हातांमुळे वेंबान्यामा स्क्रीनच्या जागेपर्यंत पुढे येऊन शॉटला अडवू शकतो आणि तरी मागे फिरून रिंग गाठतो. कोपऱ्यातल्या नेमबाजापासून दोन पावलं आत असला तरी तो नेमबाज मोकळा नसतो. त्याचं गोबेरवरचं खरं वर्चस्व हे आहे.

“आता स्पर्धाच नाही” हे मात्र शरीरावर अवलंबून. २०२४-२५ मध्ये उजव्या खांद्यातल्या रक्ताच्या गुठळीमुळे वेंबान्यामा ४६ सामन्यांवर थांबला. तेवढ्यातही लीगमध्ये सर्वाधिक ब्लॉक त्याचेच. पण मोसमात किमान ६५ सामने खेळण्याच्या अटीमुळे तो पुरस्काराला पात्रच राहिला नाही आणि पुरस्कार एव्हन मोबलीला मिळाला.

पुढचा सामना बघताना बॉल सोडून दहा मिनिटं फक्त सेंटरकडे बघा. तीन गोष्टी लिहून काढा: स्क्रीनच्या वेळी तो किती मागे होता, गार्ड आत येऊन शॉट न घेता किती वेळा परत गेला, आणि शॉट हुकल्यावर रिबाउंड कुणाला मिळाला. ब्लॉकचा रकाना शेवटी भरा.