‘मागेल तेवढं खाऊ घाला’ हा सल्ला उपाशी कुत्र्याच्या जिवावर उठतो

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला सात-आठ जणांनी पाठवला. मजकूर साधारण असा आहे: “रस्त्यावर सोडून दिलेला, हाडांचा सापळा झालेला ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड किंवा मॅस्टिफ असा मोठ्या जातीचा कुत्रा सापडला तर डॉक्टरांच्या मागे धावू नका. त्याला फक्त भूक लागलेली असते. पहिल्या दिवसापासून मागेल तेवढं खाऊ घाला. दूध-पोळी, शिरा, सहा अंडी, वाटीभर तूप. जंताचं औषध दुप्पट द्या, कॅल्शियम सुरू करा, भांडं उंचावर ठेवा, रोज पळवा. १५ दिवसांत पैलवान होईल.” खाली जोडलेले हात आणि ‘पुढे पाठवा, पुण्य मिळवा’.

पाठवणाऱ्यांच्या मनात दयाच आहे याबद्दल मला शंका नाही. पण याच दयेने मी एक कुत्रा गमावलाय. आठ वर्षांपूर्वी आमच्या भागात कुणीतरी एक मॅस्टिफ सोडून गेलं होतं. अख्खी गल्ली त्याला भरवत होती. एका घरून दुधाचं पातेलं, दुसऱ्या घरून रात्रीचा उरलेला पुलाव, माझ्याकडून तूप लावलेल्या पोळ्या. तीन दिवस तो खात होता आणि आम्ही खूश होतो. चौथ्या दिवशी सकाळी त्याला उठता येईना, दुपारी धाप लागली आणि संध्याकाळी तो गेला. तेव्हा आम्ही म्हणालो, फारच उपाशी होता बिचारा, आपण उशिरा पोचलो. उशीर झाला नव्हता. आम्ही घाई केली होती, हे मला नंतर एका पशुवैद्यांनी नीट समजावून सांगितलं.

म्हणून आधी त्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य घेते: मागेल तेवढं खाऊ घाला.

बरेच दिवस अन्न मिळालं नाही की शरीर आपली चरबी आणि स्नायू जाळून तग धरतं. साखर पेशींत पोचवणारं इन्सुलिन तेव्हा अगदी कमी झालेलं असतं. फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचे साठे संपत आलेले असतात, पण रक्तात त्यांचं प्रमाण कसंबसं टिकून असतं, त्यामुळे वरवर काही कळत नाही. अशा वेळी एकदम पोटभर अन्न गेलं, त्यातून भात, पोळी, शिरा, गूळ असलं पिठूळ-गोड, की इन्सुलिन उसळतं. साखरेबरोबर रक्तातलं उरलंसुरलं फॉस्फरस आणि पोटॅशियमही पेशींत ओढलं जातं आणि रक्तात एकाएकी खडखडाट होतो. हृदयाचे ठोके चुकतात, स्नायू लुळे पडतात, श्वास जड होतो, झटके येतात. बहुतेक वेळा हे दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान घडतं, म्हणजे ‘आता बरा खायला लागलाय’ असं आपण सगळ्यांना कळवत असतो तेव्हाच. डॉक्टर याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात.

माणसांचंही हेच होतं. १९४५ साली जर्मनीतली बर्गेन-बेल्सनची नाझी छळछावणी मुक्त झाली तेव्हा ब्रिटिश सैनिकांनी कळवळून आपलं डबाबंद खाणं कैद्यांना दिलं. ज्यांची शरीरं ते पेलू शकली नाहीत, असे कित्येक जण सुटकेनंतर दगावले. भूक आधी परत येते, पचवण्याची ताकद नंतर. कुत्रा मागतोय याचा अर्थ त्याला ते झेपेल असा होत नाही.

मग किती द्यायचं? गेल्या डिसेंबरात घोटीच्या पुढे एका ढाब्यामागे आम्हाला ग्रेट डेन मादी सापडली. नाव ठेवलं मैना. वजन भरलं ३१ किलो. तिच्या उंचीच्या मादीचं वजन पन्नासच्या वर असायला हवं. डॉक्टर एक हिशोब मांडतात: वजनाचा पाऊण घात, म्हणजे ०.७५ वा घात, काढायचा आणि ७० ने गुणायचं. इथे वजन *आजचं* घ्यायचं, असायला हवं ते नाही. ३१ किलोला साधारण ९२० कॅलरी येतात, म्हणजे नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा. मैना फारच खंगलेली, म्हणून सुरुवात याच्या चौथाईने झाली. २३० कॅलरी म्हणजे कोरडं खाद्य जेमतेम ६० ग्रॅम. माझ्या दोन मुठी. तेही कोमट पाण्यात भिजवून, दिवसातून चार वेळा विभागून.

ते किती कठीण जातं हे लिहायलाच हवं. जेवणाच्या टेबलाएवढ्या उंचीचं जनावर ताटली चाटूनपुसून लख्ख करतं, मग ताटलीखालची फरशी चाटतं आणि मग तुमच्याकडे बघत उभं राहतं. शेजारच्या काकू दारात दूध-पोळी घेऊन आल्या. “अगं, एवढंच? घोड्याएवढं जनावर आहे ते!” मी त्यांना आत घेतलं नाही, दारातच समजावलं. त्या दुखावल्या. दोन दिवस मला नीट झोप लागली नाही. पण तिसऱ्या दिवशी रक्तात फॉस्फरस खाली आलेलं दिसलं, डॉक्टरांनी खाण्यातली वाढ तिथेच थांबवून औषध दिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढवलं. तपासलं नसतं तर कळलंही नसतं. पहिला घास देण्याआधी तिला बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं होतं, कारण एकदम खाणं सुरू झालं की त्याचा साठाही झरकन संपतो. पूर्ण ९२० पर्यंत पोचायला आम्हाला नऊ दिवस लागले. कमी खंगलेल्या कुत्र्याची सुरुवात तिसऱ्या हिश्श्याने किंवा निम्म्यानेही होते. ते डॉक्टर बघून ठरवतात.

रात्री-अपरात्री असा कुत्रा सापडला आणि दवाखाना सकाळी उघडणार असेल तर स्वच्छ पाणी थोडं थोडं द्या, जाड गोधडी अंथरा, भिजवलेल्या खाद्याचे किंवा उकडलेल्या बोनलेस चिकनचे दोन-चार घास द्या आणि थांबा. त्या रात्री आंघोळ घालू नका. अंगावर चरबी नसलेलं जनावर भिजलं की गारठून खाली बसतं.

वाटीभर तूप, दूध, सहा अंडी. वजन वाढायला स्निग्धांश लागतो हे खरं. उपाशी शरीराला तो पिठापेक्षा सोसतोही. पण तो संतुलित खाद्यातून, मापात जायला हवा. वरून ओतलेल्या तुपाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मग उलट्या, पोटदुखी, सलाइन, आणि जेमतेम सुरू झालेलं खाणं पुन्हा बंद. बऱ्याच प्रौढ कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात आणि ज्याच्या अंगात पाणीच कमी आहे त्याला जुलाब परवडत नाहीत. अंडं चांगलं, पण उकडलेलं, आणि पहिला आठवडा-दहा दिवस गेल्यावर. सहा नाही, एक.

शिऱ्याबद्दल वेगळं सांगते. त्यात आपण मनुके, बेदाणे घालतो. ते कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. पौष्टिक म्हणून असेच बेदाणे घातलेले बाळंतिणीचे लाडू भरवणारी घरंही मी पाहिली आहेत. कांदा-लसूण घातलेला रस्साही नको, त्याने तांबड्या पेशी फुटतात आणि यांच्या अंगात रक्त आधीच कमी असतं.

त्याला फक्त भूक लागलेली असते. कशावरून? एवढा महागडा कुत्रा लोक रस्त्यावर का सोडतात? पुष्कळदा तो आजारी पडला आणि खर्च झेपेना म्हणून. (१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याप्रमाणे असं सोडून देणं गुन्हा आहे, हेही एकदा त्या मेसेजवाल्यांनी पुढे पाठवावं.) आपल्याकडे गोचीड ताप सर्रास आढळतो. एर्लिकिया, बबेसिया हे जंतू गोचिडीतून शिरतात, रक्त कमी करतात, भूक मारतात आणि कुत्रा खात असला तरी झिजत जातो. हुकवर्म नावाचे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात. ग्रेट डेनमध्ये हृदयाचे स्नायू ताणून पातळ होण्याचा आजार बराच दिसतो, त्यातही अंगावरचं मांस उतरतं. दात किडले असतील तर चावताच येत नाही. यातलं काहीही नुसत्या खाण्याने बरं होत नाही. रक्ताची तपासणी, काचपट्टीवर रक्ताचा थेंब पाहून जंतू शोधणं, शीचा नमुना, एवढं पहिल्या दोन दिवसांत झालंच पाहिजे. मैनाच्या कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी मिरीच्या दाण्यांसारख्या चिकटलेल्या होत्या आणि तपासणीत एर्लिकिया निघाला. महिनाभर गोळ्या चालल्या. त्या नसत्या तर माझी सगळी मोजदाद वाया गेली असती.

जंताचं औषध दुप्पट. मुळीच नाही. औषधाची मात्रा किलोवर ठरते आणि सापळा झालेल्या डेनचं वजन त्याच्या उंचीवरून अंदाजाने धरलं तर एका मात्रेचीच जवळपास दुप्पट होते. औषध द्यायचंच आहे, पण नमुना तपासून, अंगात थोडी धुगधुगी आल्यावर, डॉक्टर सांगतील त्या दिवशी.

कॅल्शियम सुरू करा. ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. ‘एवढी मोठी हाडं, कॅल्शियम नको का?’ संतुलित तयार खाद्य चालू असेल तर त्यात ते असतंच. पिल्लू असेल तर वरची बाटली सरळसरळ अपाय करते. १९८० च्या दशकात नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांवर अभ्यास झाले. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही, जेवढं घालू त्यातलं बरंच शोषलं जातं आणि हाडांची, सांध्यातल्या कूर्चेची वाढ बिघडते, असं त्यातून दिसलं. पाय वाकले म्हणून लोक कॅल्शियम वाढवतात आणि पाय आणखी वाकतात. उलट, कुणी नुसतं बोनलेस मांस आणि भात घालत असेल तर तिथे कॅल्शियम खरोखर कमी पडतं. म्हणून घरचं खाणं कायम ठेवायचं असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या. एक बाटली सगळ्यांना लागू पडत नाही.

भांडं उंचावर ठेवा, रोज पळवा. या दोन गोष्टी एकत्र घेते, कारण दोन्हींचा संबंध मोठ्या जातींच्या सगळ्यात भयंकर आजाराशी आहे. जठर वायूने फुगतं आणि स्वतःभोवती पिळलं जातं. या धोक्यात ग्रेट डेनचा क्रम सगळ्यात वर लागतो. दिवसातून एकच मोठं जेवण, बकाबका खाणं, अंगाने रोडावलेलं असणं, या सगळ्याने धोका वाढतो आणि उपाशी कुत्र्याकडे यातल्या दोन गोष्टी आधीच असतात. उंच भांड्याने पोट फुगत नाही असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचा अभ्यास २००० साली आला, त्यात उंच भांड्यातून खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांमध्ये हा आजार उलट जास्त आढळला. त्यावर अजून वाद चालतो. मानेचं दुखणं असेल तर डॉक्टर उंच भांडं सुचवतातही. पण पोट फुगू नये म्हणून ते ठेवायला आधार नाही.

लक्षणं पाठ करून ठेवा: ओकारीची उबळ येते पण फेसाशिवाय काही पडत नाही, पोट ढोलकीसारखं ताणतं, लाळ गळते, कुत्रा एका जागी बसत नाही. यात तास मोजायचे नसतात, लगेच ऑपरेशन लागतं. वजन भरून आल्यावर नसबंदी करताना जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून शिवून घेता येतं, म्हणजे ते पिळलं जात नाही. मैनाचं तसंच ठरलंय.

आणि पळवणं? जेवणानंतर तर नाहीच. एरवीही पहिले काही आठवडे नाही. मांड्यांवर स्नायूच उरलेले नसतात, गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात. आम्ही घरभर जुन्या सतरंज्या अंथरल्या आणि पाच-पाच मिनिटं अंगणातल्या मातीवर चालवलं. कोपरांना घट्टे आणि जखमा होतात, म्हणून जाड गादी.

१५ दिवसांत पैलवान. आमच्या गल्लीतल्या धान्याच्या दुकानात पोती मोजायचा मोठा काटा आहे. दर रविवारी दुकान उघडायच्या आधी शेठ मैनाला त्यावर उभी करू देतात आणि आकडा स्वतःच्या वहीत लिहितात. पंधराव्या दिवशी ३२ किलो होतं. दीड महिन्याने ३८. तीन महिन्यांनी ४५. आधी बरगड्यांवर थोडी चरबी आली, पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू त्याच्या कितीतरी मागून आले. शेवटी कुठवर न्यायचं हेही ठरलेलं असावं. बरगड्या हाताला सहज लागाव्यात, कंबर वरून दिसावी, तिथे थांबायचं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ४८ लॅब्रेडॉरवर आयुष्यभर चाललेल्या अभ्यासात जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणारे कुत्रे जवळपास पावणेदोन वर्षं जास्त जगले. डेनचं आयुष्य मुळातच छोटं, त्याच्या सांध्यांवर फुकटचं ओझं कशाला?

गेल्या रविवारी मैना ५० भरली. अजून तीन-चार किलो येऊ द्या, पण सावकाश, असं डॉक्टर म्हणालेत. काकू आता रोज संध्याकाळी येतात, हातात एक उकडलेलं अंडं असतं, आणि आत येण्याआधी विचारतात, आजचं झालंय का मोजून?