सुडोकूला गणित लागतं म्हणे!

परत तो फॉरवर्ड आला. सुडोकू म्हणजे प्राचीन जपानी गणित, ज्याचं गणित कच्चं त्याने नादी लागू नये, अवघड कोड्यात शेवटी अंदाजच मारावा लागतो, आकडे जितके कमी दिलेले तितकं कोडं कठीण, आणि रोज एक सोडवलं की म्हातारपणी स्मृतिभ्रंश होत नाही. आमच्या आईने हे वाचून पेपरातलं कोडं अर्धवट टाकून दिलं, "माझं गणित कुठलं बाई", म्हणून लिहायला बसलोय.

प्राचीन वगैरे काही नाही. १९७९ साली अमेरिकेत डेल या प्रकाशनाच्या कोड्यांच्या मासिकात 'नंबर प्लेस' नावाने ते छापून आलं, बनवणारा हॉवर्ड गार्न्स नावाचा आर्किटेक्ट असं मानतात. जपानच्या निकोली या कोडी छापणाऱ्या कंपनीने १९८४ मध्ये ते उचललं आणि सुडोकू हे नाव दिलं, त्याचा अर्थ साधारण 'आकडे अविवाहितच हवेत' असा, म्हणजे ओळीत प्रत्येक आकडा एकटा. मला हे फार आवडतं.

आता गणित. अहो बेरीज कुठे करायचीय त्यात? १ ते ९ काढून नऊ भाज्या लिहा, प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या रांगेत आणि तीन बाय तीनच्या चौकटीत प्रत्येक भाजी एकदाच, कोडं तसंच्या तसं सुटतं. (काकुरो नावाच्या कोड्यात बेरीज लागते, पण तो वेगळा प्रकार.)

अंदाजाचा मुद्दा सगळ्यात घातक, कारण नवशिके तिथेच आपटतात. नीट बनवलेल्या कोड्याला उत्तर एकच असतं, आणि पेपरातली सोपी-मध्यम कोडी निव्वळ तर्काने सुटतात. एकच आकडा धरा, समजा ७. वरच्या तीन चौकटींपैकी डावीकडच्या चौकटीत तो पहिल्या ओळीत आहे, मधल्या चौकटीत तिसऱ्या ओळीत, म्हणजे उजवीकडच्या चौकटीत तो दुसऱ्या ओळीतच जाणार, तिथे तीन घरं, एकात आधीच ४ बसलाय, दुसऱ्याच्या उभ्या रांगेत खाली ७ आहे, उरलं एकच घर, लिहा बिनधास्त. असं करत एकेक आकडा फिरवायचा. अडलं तर पेन्सिलीने कोपऱ्यात बारीक आकडे, पण सगळ्या घरांत नको, नुसता पसारा होतो, जिथे दोनच जागा उरल्यात तिथेच. आणि एका चौकटीतल्या दोन घरांत फक्त २ आणि ६ च बसत असतील तर त्या चौकटीत बाकी कुठेही २ किंवा ६ येणार नाही, एवढ्यावर कितीतरी अडलेली कोडी सुटतात. अंदाज मारला की चूक वीस घरं भरल्यावर कळते, एका ओळीत दोन ५ दिसतात आणि मग कुठून खोडायचं तेच कळत नाही.

कमी आकडे म्हणजे कठीण, हेही नाही. उत्तर एकच यायचं तर किमान १७ आकडे द्यावे लागतात, हे २०१२ मध्ये डब्लिनचे गणितज्ञ गॅरी मॅकग्वायर यांच्या टीमने कॉम्प्युटरवर तपासून दाखवलं. पण १७ वाली बरीच कोडी वरच्या पद्धतीने सुटतात आणि २५ वालं एखादं डोकं खातं. आकडे किती यापेक्षा ते कुठे ठेवलेत यावर सगळं.

राहिला स्मृतिभ्रंश. सुडोकूने तो टळतो असं सिद्ध झालेलं नाही, रोज सोडवून सुडोकू मात्र नक्की चांगला यायला लागतो. आईला औषध म्हणून नकोच आहे ते, चहाबरोबर हवंय. काल तिला ७ ची ही ट्रिक दाखवली, आता पेन्सिल मागितली तर देत नाही.